बावट्याचा अंमल

एखाद्या आडवळणाच्या स्थानकातून मेल न थांबता धडधडत निघून जाते, तेव्हा फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला धुळीचा लोट आणि खिडक्यांची पळती ओळ एवढेच येते. परंतु त्याच अवधीत त्याच्या डोळ्यांदेखत एक रीतसर सरकारी व्यवहार पार पडलेला असतो. स्थानकाच्या बाजूने एक कर्मचारी हिरवा बावटा धरून उभा असतो, एंजिनातून त्याला प्रत्युत्तर मिळते, आणि शेवटच्या डब्यातला गार्ड (रेल्वेने २०२२ साली त्याचे पदनाम ‘ट्रेन मॅनेजर’ असे केले, तरी लोकांच्या तोंडी तो गार्डच राहिला) आपला हिरवा बावटा दाखवून सर्व ठीक असल्याची ग्वाही देतो. एखाद्या चाकातून धूर निघत असेल, एखादी साखळी लोंबकळत असेल, तर फलाटावरच्या माणसाने हिरव्याऐवजी तांबडा बावटा हलवावयाचा आणि तो पाहणाऱ्याने गाडी थांबवावयाची. यात विचारविनिमयाला, पदाच्या ज्येष्ठतेला किंवा वेळापत्रकाच्या सबबीला जागा नाही. शेकडो टनांचे ते धूड, त्यातील हजार-दीड हजार जीव आणि एका चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याच्या हातातले वीतभर रुंदीचे फडके, या तिहींमध्ये शेवटचा शब्द फडक्याचा असतो.

रूळ उखडून काम चालू असेल तर ब्रॉडगेज मार्गावर कामाच्या जागेपासून ६०० मीटरवर, दोन्ही बाजूंच्या काठ्यांना ताणून, लोहमार्गाच्या आरपार तांबड्या कापडाचा पट्टा लावतात; त्याही अलीकडे, १२०० मीटरवर, रुळांवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके बसवितात, म्हणजे चालकाला धुक्यात कापड दिसले नाही तरी चाकाखालचा आवाज ऐकू यावा. नियम करणाऱ्यांनी येथे मनुष्यस्वभावाची जी पारख दाखविली आहे, ती मला एखाद्या स्मृतिग्रंथात शोभण्याजोगी वाटते: बावटा लावला एवढ्याने काम भागत नाही, समोरच्याने तो पाहिला याची तजवीज करणे हेही लावणाऱ्याचेच कर्तव्य होय.

ध्वजाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुतेक रंगांच्या अर्थाविषयी असते. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी, हे शाळेच्या पहिल्या इयत्तांपासून आपण घोकलेले असते. परंतु तांबडा रंग रुळावर धोका सांगतो, गिरणीच्या दारात श्रमिकांची एकजूट सांगतो, बंदरातल्या डोलकाठीवर स्फोटक मालाची वर्दी देतो आणि देवीच्या शिखरावर निव्वळ मंगल असतो. तेव्हा रंगाच्या अंगी स्वतःचा अर्थ थोडाच आहे. निशाणापुढे उभे राहून विचारण्याजोगे प्रश्न दोनच: ते उभारण्याचा अधिकार कोणाला, आणि ते पाहून बांधला जातो कोण? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या निशाणापाशी नाहीत, ते शोभेचे कापड.

या कसोटीवर समुद्राइतके काटेकोर दुसरे क्षेत्र नाही. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीत, जिची पहिली आवृत्ती ब्रिटिश व्यापार मंडळाने १८५७ साली प्रसिद्ध केली, रोमन लिपीतील सव्वीस अक्षरांचे सव्वीस बावटे आणि दहा आकड्यांच्या दहा निमुळत्या पताका आहेत. एखादा अपवाद सोडला तर प्रत्येक अक्षर एकटे फडकले तरी एक संपूर्ण वाक्य बोलते. निळ्या चौकटीत पांढरा चौकोन म्हणजे ‘जहाज निघण्याच्या बेतात आहे, सर्वांनी परत यावे’. अर्धा पांढरा, अर्धा तांबडा असा उभा दुभंग म्हणजे ‘वाटाड्या जहाजावर आहे’. तांबडा आणि पिवळा असा तिरका दुभंग म्हणजे ‘माणूस पाण्यात पडला’. निखळ पिवळ्या बावट्याची हकीकत विशेष मनोरंजक आहे. जुन्या काळी तो रोगराईची खूण म्हणून बंदराला धडकी भरवीत असे. आजच्या संकेतावलीत त्याचा अर्थ नेमका उलट, ‘माझे जहाज निरोगी आहे, बंदरात प्रवेशाची मुभा मिळावी’ असा आहे. यांखेरीज उत्तराची म्हणून एक स्वतंत्र पताका असते. संकेत दिसताच ती अर्धी चढवावयाची आणि उमगल्यावर पूर्ण चढवावयाची. ती पूर्ण चढेपर्यंत संकेत करणाऱ्याने आपले बावटे खाली घ्यावयाचे नाहीत.

भाषा अपुरी असली म्हणजे सेनापतीलाही कोशापुढे मान तुकवावी लागते, याचे उदाहरण २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारपुढे घडले. लढाईला तोंड लागण्यापूर्वी नेल्सनला आपल्या आरमाराला एक वाक्य सांगावयाचे होते: प्रत्येकजण आपले कर्तव्य बजावील असा इंग्लंडला विश्वास आहे. त्या वेळी वापरात असलेल्या होम पॉपहॅमच्या संकेतकोशात ‘विश्वास’ या अर्थाच्या शब्दाला स्वतंत्र संकेत नव्हता. तो अक्षरा-अक्षराने लिहावा लागला असता. संकेताधिकारी पास्को याने अदबीने सुचविले की त्याऐवजी ‘अपेक्षा’ हा शब्द घेतला तर तो एका चढावात जाईल, आणि नेल्सनने घाईघाईने होकार दिला. गंमत अशी की ‘कर्तव्य’ हा शब्दही कोशात नव्हता, तो मात्र अक्षरे जुळवून लिहावाच लागला. इंग्रजांच्या पिढ्यान्‌पिढ्या जे वाक्य पाठ करीत आल्या, त्याचे क्रियापद असे बावट्यांच्या काटकसरीतून ठरले आहे. विश्वासाची अपेक्षा झाली आणि वाक्य थोडे कडक झाले, ते बहुधा लढाईच्या दृष्टीने बरेच झाले.

कोकणच्या वाचकाला बावटा म्हटला की वेगळीच आठवण होते. मोसमी पावसाच्या आगेमागे ‘बंदरात तीन नंबरचा बावटा लागला’ अशी बातमी वर्तमानपत्रांत येते, होड्या ओढून वाळूवर घेतात, आणि घरातली म्हातारी माणसे समुद्राकडे पाहून मान हलवितात. प्रत्यक्षात तेथे कापडाचा बावटा नसतोच. भारतीय बंदरांत दिवसा डोलकाठीवर शंकूच्या आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा चढवितात आणि रात्री तांबडे-पांढरे कंदील लावतात. एक ते अकरा असे त्यांचे क्रम आहेत. तिसरा क्रम सोसाट्याच्या वाऱ्याची ताकीद देतो, आठ ते दहा हे महासंकटाचे. आणि अकरावा सर्वांत विलक्षण, कारण तो वादळाविषयी नसून स्वतःविषयी बोलतो: इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे, आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या मते धोका संभवतो. आपल्याला कळेनासे झाले आहे हे जाहीरपणे सांगण्यासाठी सरकारने एक खूण राखून ठेवावी, हा प्रामाणिकपणा जमिनीवरच्या इतर खात्यांनी उचलण्याजोगा आहे.

जहाजाच्या पाठीमागे फडकणारा ध्वज हा मात्र संकेत नव्हे, ती त्या जहाजाची जन्मनोंद होय. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी भांडवलदारांनी ते ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून विकत घेतले होते (महायुद्धात महाराजांनी ते इस्पितळाचे जहाज म्हणून दिले होते), आणि म्हणूनच कंपनीचे नाव सिंदिया पडले. त्याच दिवसाची स्मृती म्हणून आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. मालकी देशी, भांडवल देशी. पण साम्राज्याच्या प्रजाजनांचे जहाज म्हणून कायद्याने त्यावर ब्रिटिशांचाच तांबडा ध्वज लागणार. आज भारतीय व्यापारी जहाजांचा ध्वज तांबडाच आहे, फक्त त्याच्या वरच्या कोपऱ्यात युनियन जॅकच्या जागी तिरंगा आला. सत्तांतरे बहुधा अशीच होतात. दप्तर तेच राहते, शिक्का बदलतो.

परंतु जन्मनोंदीचाही बाजार मांडता येतो. जगातील मालवाहू जहाजांचा फार मोठा भाग पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटे या तीन चिमुकल्या राज्यांच्या ध्वजाखाली चालतो. त्यांतील बहुतेक जहाजांच्या मालकांनी ती राज्ये पाहिलेलीही नसतात, आणि लायबेरियाच्या नोंदणीचे दप्तर तर अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातून चालविले जाते. ध्वज ज्याचा, कायदा त्याचा, असा समुद्राचा नियम असल्याने कर कोणता, पगाराचा वाद कोणत्या न्यायासनापुढे, खलाशांच्या कामाचे तास किती, हे सर्व त्या भाड्याच्या कापडावरून ठरते. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या खाडीकाठच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले बोटीवर जात आली आहेत. त्यांतील एखाद्याचे वेतन भर समुद्रात थकले तर त्याला दाद मागण्यासाठी ज्या देशाचे नाव घ्यावे लागते, तो देश त्याच्या आईला नकाशात दाखविता यायचा नाही. ध्वजाखाली आश्रय मिळतो ही आपली जुनी समजूत. येथे मालकाला आश्रय मिळतो तो कायद्यापासून.

जमिनीवर निशाणाच्या अधिकाराचे मर्म मराठी मुलुखाइतके कोणी ओळखले नसेल. मोगल दरबाराची माहीमरातब, म्हणजे सोनेरी माशाचे चिन्ह मिरविण्याचा बहुमान, ही सनदेने मिळावयाची वस्तू होती. मराठेशाहीत जरीपटका हा सेनापतित्वाचा अधिकार होता आणि तो छत्रपतींकडून यावा लागे. लढाईच्या गर्दीत सरदार मेला की जगला हे दूरच्या पथकाला कळण्याचा मार्ग म्हणजे निशाण उभे आहे की नाही हे पाहणे. म्हणून निशाण राखणे ही केवळ अभिमानाची बाब नव्हती, तेच सैन्याचे दळणवळण होते, आणि ते पडले की शूर माणसेही पांगत, यात त्यांच्या शौर्याला दोष देण्याचे कारण नाही. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ते बाळाजीपंत नातूंनी चढविले असे परंपरेने मानले जाते, आणि या एका कृत्यापायी त्या नावाला पुण्याने पुढे दोन शतके क्षमा केली नाही. पेशवाईचा शेवट त्या दिवशी झाला की पुढील वर्षी, हा इतिहासकारांचा वाद राहो. लोकस्मृतीने तो निशाणावरून मोजला.

मानाच्या निशाणाची ही परंपरा राज्ये गेल्यावर देवांनी सांभाळली. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाने न्हालेल्या उंच सासनकाठ्या नाचतात, त्यांच्या मिरवणुकीचा क्रम ठरलेला आहे, आणि पहिला मान साताऱ्याकडील पाडळीच्या काठीचा. जगन्नाथपुरीच्या शिखरावरील ध्वज रोज बदलतात, आणि त्यासाठी उघड्या हातापायांनी कळसावर चढण्याचा हक्क ठराविक सेवेकऱ्यांचा असतो. देवस्थानात भक्ती सर्वांची असली तरी काठीला हात कोणाचा लागावा याची वहिवाट असते.

वहिवाटीला सत्याग्रहाने दिलेले उत्तर नागपूरने १९२३ साली पाहिले. मागणी इतकी साधी होती की ती मोडून काढण्यासाठी सरकारला स्वतःचे हसे करून घ्यावे लागले: चरख्याचा तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सच्या, म्हणजे गोऱ्या अंमलदारांच्या वस्तीतील, रस्त्याने चालत जाऊ द्यावे. मनाई हुकूम निघाला. १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज ठरल्या वेळी निघू लागल्या, ठरल्या जागी पकडल्या जाऊ लागल्या, आणि नागपूरच्या तुरुंगात देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे दाटू लागली. वर्ध्याचे जमनालाल बजाज चळवळीच्या अग्रभागी होते. त्यांना शिक्षा झाल्यावर सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. १८ ऑगस्टला स्वयंसेवकांची मिरवणूक झेंडा घेऊन त्याच निषिद्ध रस्त्याने निर्वेध गेली. मिठाच्या सत्याग्रहाचे जे कौतुक झाले, त्याच्या चौथ्या हिश्श्यानेही या चळवळीचे झाले नाही, हे मला अन्यायाचे वाटते. मिठाला पोटाशी संबंध तरी होता. येथे माणसे तुरुंगात गेली ती एका रस्त्यावरून एक कापड नेण्याच्या हक्कासाठी, आणि रस्ता कोणाचा आहे हा प्रश्न त्या कापडाने जितक्या थेट विचारला, तितका शंभर अर्जांनी विचारला गेला नव्हता.

त्या दशकात झेंड्यांना जणू बहर आला होता. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन आयोग मुंबईस उतरला तो काळ्या निशाणांच्या रांगांत. त्याच वर्षी गिरण्यांचा प्रदीर्घ संप झाला, गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि तिच्या नावामागे कंसात ‘लाल बावटा’ हे शब्द असे रुळले की संघटनेलाच लोक लाल बावटा म्हणू लागले. पुढे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या कलापथकानेही तेच नाव लावले. १९४२ साली नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाली आणि बाबासाहेबांच्या चळवळीचा निळा झेंडा गावोगावच्या वस्त्यांत पोहोचला. ज्यांना गावाच्या मिरवणुकीत मानाची काठी धरण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेला होता, त्यांनी आपली काठी स्वतः रोवली. वस्तीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या निळ्या झेंड्याचा अर्थ रंगाच्या कोष्टकात सापडणार नाही.

संविधानसभेने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा स्वीकारला, चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचे चक्र आले. मग स्वतंत्र देशाच्या कारभाराने आपल्या स्वभावाप्रमाणे त्याचे मोजमाप केले. भारतीय मानकांच्या यादीत पहिल्या क्रमांकाचे मानक, आयएस १, हे राष्ट्रध्वजाचे आहे आणि ते १९५१ सालचे आहे. सिमेंट, पोलाद, वीज यांच्या आधी कापडाची लांबी-रुंदी, सुताचा पीळ, रंगाची छटा आणि शिवण यांचा बंदोबस्त झाला. आकार नऊ, सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० बाय १००. प्रमाण सर्वत्र तीनास दोन. अशा प्रमाणित खादीचे ध्वज तयार करणारी ठिकाणे देशात अगदी थोडी. हुबळीचे बेंगेरी हे एक, आणि आपल्या नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती हे दुसरे, जिच्यासाठी कापड उदगीरला विणले जाते. चक्र दोन्ही बाजूंनी नेमके एकावर एक यावे लागते. केसभर सरकले तर तो नग बाद.

ध्वज लावण्याचा अधिकार मात्र नागरिकाला बराच उशिरा मिळाला. २००२ च्या ध्वजसंहितेने वर्षभर घरावर ध्वज लावण्याची मोकळीक दिली, आणि २००४ साली नवीन जिंदल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला. २०२१ च्या अखेरीस यंत्रावरच्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मान्यता मिळाली. यामुळे झेंडा स्वस्त होऊन घरोघर गेला हे खरे. परंतु उदगीरच्या मागावर जे कापड तासन्‌तास डोळे रोखून विणले जाते, ते आणि गठ्ठ्यांनी छापून निघणारे कापड यांत फरक उरू नये, हे मला पटत नाही. संहिता सांगते की जीर्ण ध्वजाची विल्हेवाट खाजगीत, सन्मानपूर्वक, शक्यतो अग्नी देऊन करावी. ऑगस्टच्या सोळाव्या तारखेला रस्त्याच्या कडेला जे दिसते ते या कलमाशी जुळत नाही. स्वस्ताईने अधिकार वाढला, बांधिलकी त्या प्रमाणात वाढली नाही.

बांधिलकी मोडल्यावर काय होते, याचा सर्वांत कठोर दाखला पांढऱ्या निशाणाचा आहे. १९०७ च्या हेग नियमांनी त्याचा गैरवापर निषिद्ध ठरविला. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्तीच्या मोहिमेत कारवारजवळच्या अंजदीव बेटावर भारतीय नौसैनिक उतरले. नौदलाच्या वृत्तान्तानुसार बेटावर पांढरे निशाण चढले होते, आणि ते पाहून पुढे सरकणाऱ्या तुकडीवर गोळीबार झाला. सात नौसैनिक कामी आले. फसवणुकीच्या इतर प्रकारांत तोटा फसलेल्या एकाचा असतो. खोट्या पांढऱ्या निशाणाने पुढच्या प्रत्येक शरणागताचा जीव धोक्यात येतो, कारण त्याच्यावर विश्वास ठेवण्याची छाती कोणाला होणार?

इतर क्षेत्रांची नुसती नोंद करतो. फुटबॉलच्या मैदानावर रेषेवरचा साहाय्यक झेंडा वर करतो तो हुकूम नसतो, सल्ला असतो. पंच तो डावलू शकतो, आणि अर्धे प्रेक्षागार हे विसरते. पळस, पांगारा, वाटाणा यांच्या फुलातील सर्वांत मोठ्या पाकळीला वनस्पतिशास्त्रज्ञ ध्वजक म्हणतात. ती भुंग्यांना दुरून दिसते, आणि गोकर्णाने ती उलटी, खालच्या अंगाला धरली आहे. ८०८५ या सूक्ष्मप्रक्रियकात, ज्यावर पदविकेच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या घासल्या गेल्या, पाच ‘फ्लॅग’ आहेत. बेरजेत हातचा आला की एक उभा राहतो, उत्तर शून्य आले की दुसरा, आणि पुढची आज्ञा ते पाहून वाट बदलते, म्हणजे रेल्वेचाच कारभार. मुंबईच्या ठाणे खाडीत हिवाळ्यास येणाऱ्या किनारी पक्ष्यांच्या पायाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे लोक प्लॅस्टिकची रंगीत चकती अडकवितात, तिलाही ध्वजच म्हणतात. देशोदेशींनी रंग वाटून घेतले आहेत, त्यामुळे हजारो मैलांवरच्या दलदलीत दुर्बीण लावून बसलेल्या अनोळखी माणसालाही पाखरू कोठे धरले गेले होते हे न पकडता कळते.

या सर्व व्यवस्थांत मला आषाढी वारीची व्यवस्था सर्वांत परिपूर्ण वाटते, आणि तिला छापील संहिता नाही. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या सोहळ्यात रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे. प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. दिंडीच्या अग्रभागी भगव्या पताका घेतलेले वारकरी, मग तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, टाळकरी, मृदंग आणि विणेकरी. पताका कोणाची याला महत्त्व नाही. ती खांद्यावर घेतली की त्या माणसाने आपल्या रांगेत, आपल्या अंतराने चालावयाचे. रिंगणात हेच पताकाधारी धावतात. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी सर्व दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, आणि चोपदार आपला चोप उंच करतो. त्या सरशी सर्व टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, वाटेत तिचा क्रम कोणी मोडला असेल, तिच्यावर अन्याय झाला असेल, ती दिंडी चोप पाहूनही टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, काय झाले ते विचारतो, सोहळ्याच्या मालकांच्या कानी घालतो, आणि निवाडा मिळाला की ते टाळही थांबतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी पालखी किती वाजता हलणार ते सांगितले जाते, आणि आरतीला सुरुवात होते.